गोफर-जेमिनी कशाला, साधं एचटीएमएल लिहिलं तर भागत नाही का?

प्रश्न: जाहिराती, कुकीच्या चौकटी आणि जड पानं यांना कंटाळलो आहे. गोफर किंवा जेमिनीसारखे निव्वळ मजकुराचे पर्याय आज खरंच वापरता येतात का, की साधं एचटीएमएल लिहूनही तेच साधतं? सुरुवात कुठून करावी?

उत्तर:

वापरता येतात. वाचायचंच असेल तर लाग्रांज नावाचा ब्राउझर उतरवून घ्या. तो गोफर आणि जेमिनी दोन्ही उघडतो (हे दोन्ही प्रोटोकॉल, म्हणजे वेबपेक्षा वेगळ्या नियमांनी पानं पोचवण्याच्या पद्धती; गूगलच्या जेमिनीशी यांचा संबंध नाही). पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच संपलं.

दुसऱ्या प्रश्नाचं काय, ते मात्र सविस्तर लिहितो. कारण 'साधं एचटीएमएल लिहा की' हे वाक्य या विषयावर दर वेळी कुणीतरी फेकतंच आणि बाकीचे माना डोलावतात. ते वाक्य चुकीचं नाही, पण ते लिहिणाऱ्याच्या बाजूचं आहे. तुम्ही हलकं पान लिहिलंत, छान. वाचणाऱ्याला ते हलकं आहे हे कळतं ते उघडल्यावर. त्यातला पुढचा दुवा दाबला की तो पुन्हा चार मेगाबाइटच्या पानावर आणि संमतीच्या चौकटीपुढे उभा. वेबवर साधेपणा ही लेखकाची मर्जी असते. जेमिनीवर तो नियमातच आहे, लेखकाच्या मनात काहीही असलं तरी.

हे कसं, ते विनंतीतच दिसतं. जेमिनीचा क्लायंट, म्हणजे वाचकाचा ब्राउझर, १९६५ क्रमांकाच्या पोर्टवर टीएलएस (एन्क्रिप्ट केलेली) जोडणी करतो आणि एकच ओळ पाठवतो: पूर्ण पत्ता, जास्तीत जास्त १०२४ बाइट, शेवटी कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. बस. कुकी नाही, तुम्ही कुठून आलात ते नाही, ब्राउझर कोणता तेही नाही. उत्तरात पहिली ओळ दोन आकड्यांची: २० म्हणजे घ्या, ३० म्हणजे दुसरीकडे जा, ५१ म्हणजे सापडलं नाही, १० म्हणजे आधी काहीतरी टाइप करून द्या. आकड्यांपुढे मजकुराचा प्रकार, मग मजकूर, मग जोडणी बंद. एका विनंतीला एकच फाइल. पानातलं चित्र आपोआप उतरत नाही. त्याचा दुवा असतो, हवं तर दाबा. उत्तराच्या त्या पहिल्या ओळीत नवीन काही घुसवायला जागा ठेवलेली नाही आणि विनंती-उत्तरात प्रोटोकॉलचा आवृत्ती क्रमांकही नाही. हे विसरून राहिलेलं नाही. २०१९ साली सोल्डरपंक या टोपणनावाने लिहिणाऱ्याने हे सुरू केलं तेव्हा, पुढे कुणी 'फक्त एक छोटीशी सोय' म्हणून वेबचा पसारा परत आणू नये, हाच हेतू होता. साध्या एचटीएमएलला असं कुंपण घालता येत नाही.

लिहिण्याचा प्रकारही असाच हाडकुळा आहे. प्रत्येक ओळीचा अर्थ तिच्या पहिल्या दोन-तीन चिन्हांवरून ठरतो. '#' ते '###' मथळे, '*' आणि जागा म्हणजे यादी, '>' म्हणजे अवतरण, तीन बॅकटिक (```) म्हणजे जसंच्या तसं दाखवा, '=>' म्हणजे दुवा. ठळक अक्षर नाही, वाक्याच्या मधोमध दुवा नाही. दुवा स्वतंत्र ओळीवरच. लोक यावर कुरकुरतात, पण मला हे सगळ्यात आवडतं: परिच्छेद सलग वाचता येतो आणि दुवा एकटाच ओळीवर असल्याने त्याला नीट नाव द्यावंसं वाटतं, 'इथे टिचकी मारा' म्हणून भागत नाही.

गोफर याहून जुना. १९९१ साली मिनेसोटा विद्यापीठात तयार झाला, पोर्ट ७०. नेटकॅटने (टर्मिनलवरून थेट जोडणी करणाऱ्या छोट्या साधनाने) जोडणी करून नुसतं एंटर दाबलं तरी मुख्य यादी समोर येते. यादीतल्या प्रत्येक ओळीत प्रकाराचं एक चिन्ह आणि त्याला चिकटून दिसणारं नाव, मग टॅब, सिलेक्टर (सर्व्हरवरची त्या गोष्टीची वाट), टॅब, होस्ट (सर्व्हरचं नाव), टॅब, पोर्ट. प्रकार ० म्हणजे मजकूर, १ म्हणजे यादी, ७ म्हणजे शोध. नवख्यांची गोफर-यादी मोडते ती बहुतेक एकाच कारणाने: एडिटर टॅबच्या जागी मोकळ्या जागा भरतो. ते बंद करा. गोफरवर मुळात एन्क्रिप्शन नाही, त्यामुळे मधला कुणीही वाचू शकतो. पण त्याचमुळे अगदी जुनाट यंत्रावरही तो चालतो. '१९९३ मध्ये वेब सरस होतं म्हणून गोफर हरला' असं सरसकट सांगितलं जातं. त्या वर्षाच्या सुरुवातीला विद्यापीठाने गोफर सर्व्हरसाठी परवाना शुल्क आकारण्याची घोषणा केली आणि ३० एप्रिलला सर्नने, म्हणजे जिथे वेब जन्मलं त्या संशोधन संस्थेने, वेबचं सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं केलं, एवढा तपशील तरी ते सांगताना सोडू नये.

आता स्वतःची कॅप्सूल, म्हणजे जेमिनीवरची जागा, उभी करायची असेल तर. अगाटे (Agate) नावाचा सर्व्हर घ्या. एकच फाइल असते. त्याला होस्टचं नाव, मजकुराचा फोल्डर आणि भाषा (मराठीसाठी 'एमआर') एवढं सांगितलं की पुरे. फोल्डरमध्ये 'इंडेक्स डॉट जीएमआय' ठेवा. फायरवॉलमध्ये १९६५ उघडा. वेबच्या पुढे लावलेल्या प्रॉक्सी सेवा सहसा हे पोर्ट पुढे पाठवत नाहीत, म्हणून डोमेनची नोंद थेट तुमच्या सर्व्हरच्या पत्त्याकडे असू द्या. इथवर फारसं कुणी अडकत नाही. अडकतात ते प्रमाणपत्रावर, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या टीएलएसच्या फाइलीवर.

जेमिनीत बहुतेक क्लायंट प्रमाणपत्र कुणा संस्थेने दिलंय ते बघत नाहीत. पहिल्या भेटीत जे दिसलं ते लक्षात ठेवतात आणि मुदत संपण्याआधी वेगळं दिसलं की धोक्याची सूचना देतात. वेबच्या सवयीने लोक काही महिन्यांच्या मुदतीचं, आपोआप नूतनीकरण होणारं प्रमाणपत्र इथेही लावतात. नूतनीकरण जुनी मुदत संपायच्या आधीच होतं, म्हणजे दर खेपेला सगळ्या नेहमीच्या वाचकांना 'सर्व्हर बदलला आहे, सावधान' असं दिसतं. काही क्लायंट फक्त सार्वजनिक की (प्रमाणपत्रातली उघडी किल्ली; तिची जोडीदार खाजगी की सर्व्हरवरच राहते) लक्षात ठेवतात, तिथे जुनीच की वापरून सुटका होते. पण सगळे तसं करत नाहीत. म्हणून स्वतःच सही केलेलं, ३६५० दिवसांचं प्रमाणपत्र काढा. डोमेनचं नाव 'सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम'मध्ये हवंच. अगाटे पहिल्यांदा चालू करताना असं लांब मुदतीचं प्रमाणपत्र आपोआप काढतो.

पण लांब मुदतीची दुसरी बाजू लक्षात घ्या. खाजगी की हरवली तर उरलेली सगळी वर्षं जुन्या वाचकांच्या क्लायंटला तुम्ही तोतये वाटणार. सर्व्हर हलवताना लोक मजकुराचा फोल्डर उचलतात आणि प्रमाणपत्रांचा तिथेच सोडतात. अगाटेच्या बाबतीत त्याच्या नावाची सुरुवात टिंबाने होते, म्हणून तो साध्या यादीत दिसतही नाही. नवीन यंत्रावर अगाटे मुकाट्याने नवं प्रमाणपत्र काढतो, तुम्हाला सगळं ठीक दिसतं आणि तक्रार वाचकाकडे जाते. दुसरा प्रकार: डोमेनची आयपीव्ही४ नोंद एका यंत्राकडे, आयपीव्ही६ दुसरीकडे, दोन्हीकडे वेगळं प्रमाणपत्र. मग सूचना कधी येते, कधी येत नाही आणि कारण सापडता सापडत नाही.

तपासायचं हाताने. ओपनएसएसएल या टीएलएसच्या साधनातल्या एस-क्लायंट आज्ञेने १९६५ ला जोडणी करा, ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न-लाइन फीड पाठवण्याचा पर्याय चालू ठेवा आणि पूर्ण पत्ता टाइप करा. नुसता लाइन फीड गेला तर काटेकोर सर्व्हर ओळ पूर्ण व्हायची वाट बघत बसतो. फोल्डरच्या पत्त्याला शेवटची तिरकी रेघ नसली आणि सर्व्हरने ३१ (कायमचं दुसरीकडे जा) देऊन ती जोडली नाही, तर पानातले सापेक्ष (पूर्ण पत्ता न देता लिहिलेले) दुवे एक पायरी वर जाऊन आपटतात. 'मुख्य पान चालतं, आतलं काही नाही' या तक्रारीत आधी हे बघा.

मराठीत लिहिणार असाल तर आणखी काही गोष्टी. जेमिनीचा मजकूर मुळातच यूटीएफ-८ धरला जातो, त्यामुळे वेगळं काही करावं लागत नाही. परिच्छेद एकाच लांब ओळीत लिहा, ओळी तोडणं क्लायंटचं काम. गोफरसाठी सत्तर अक्षरांवर तोडलेला मजकूर तसाच आणून टाकलात तर मोबाइलवर त्याच्या चिंध्या होतात. टर्मिनलवरचे अमफोरासारखे क्लायंट इंग्रजीसाठी झकास, पण जोडाक्षरांची रुंदी मोजताना टर्मिनल गडबडतं आणि ओळी सरकतात. देवनागरीसाठी खिडकीवाला क्लायंटच बरा. अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर त्याला फाँट जोडून द्या.

फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांतच ठेवा, कारण पत्त्यात देवनागरी जशीच्या तशी चालत नाही, टक्क्याच्या चिन्हांत बदलून द्यावी लागते. एक देवनागरी चिन्ह म्हणजे ३ बाइट, बदलल्यावर ९. 'स्त्री' या एका शब्दात सहा चिन्हं, म्हणजे ५४ बाइट. अभिप्रायासाठी १० हा संकेत वापरलात तर वाचकाने टाइप केलेलं सगळं पत्त्यातच जातं आणि पत्त्याची मर्यादा १०२४. म्हणजे मराठी वाचकाला शंभरेक चिन्हांतच आटपावं लागणार. लांब मजकूर घ्यायचा तर टायटन हा मजकूर सर्व्हरवर चढवण्यासाठीचा सोबतचा प्रोटोकॉल बघा. आणि वर्गणीदारांसाठी दुव्याच्या नावाआधी वर्ष-महिना-दिवस अशी दहा चिन्हांची तारीख लिहिली की वेगळं फीड लागत नाही. पण ती तारीख इंग्रजी आकड्यांत हवी. देवनागरी आकडे घातले तर क्लायंट तिला तारीख समजतच नाही, तुमचा नवा लेख कुणाच्याच यादीत चढत नाही.

थोड्या अटी, ज्या वरच सांगायला हव्या होत्या. जेमिनी म्हणजे गुप्तता नव्हे. सर्व्हरला तुमचा आयपी दिसतोच. फाइल किती मोठी आहे हे आधी कळत नाही आणि तुटलेलं उतरवणं पुढे चालू करता येत नाही, म्हणून मोठ्या फाइलींसाठी हे नाहीच. टीएलएस सक्तीचं असल्याने फार जुन्या यंत्रांवर जेमिनी अडतं, तिथे गोफरच. तक्ते, गणिताची सूत्रं, खरेदी, बँक यांसाठी वेबला पर्याय नाही. आणि तुमचं लेखन शोधून येणाऱ्या अनोळखी लोकांनी वाचावं असं वाटत असेल, तर त्याच फाइलींतून एचटीएमएलही बनवून वेबवर ठेवा. ओळीगणिक रूपांतर असल्याने त्याला वीस-तीस ओळींची स्क्रिप्ट पुरते. 'साधं एचटीएमएल लिहा' म्हणणाऱ्यांना ती प्रत खुशाल दाखवा. मात्र त्यांच्या पानावरच्या पुढच्या दुव्यामागे काय आहे, हे तो दाबायच्या आधी सांगता येतं का, एवढं त्यांना विचाराच.