वावडं, बाधणं आणि ॲलर्जी

इंदूरच्या एका काकूंचा प्रश्न : दूध प्यायलं की सुनेचं पोट फुगतं, गुरगुरतं. ती म्हणते, 'मला दुधाची ॲलर्जी आहे.' 'वावडं' हा आपला शब्द असताना ॲलर्जी कशाला?

काकू, वावडं शब्द सुंदर आहे आणि तुमच्या सुनेला तो लागूही पडतो. पण तो ॲलर्जीचा प्रतिशब्द नव्हे. वावडं म्हणजे न मानवणारं. का मानवत नाही, ते तो सांगत नाही. ॲलर्जी कारण सांगते. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली ग्रीक 'आलोस' म्हणजे वेगळं आणि 'एर्गोन' म्हणजे कार्य यांतून हा शब्द घडवला. आज तो रोगप्रतिकारशक्तीच्या चुकीसाठी वापरतात. दुधातल्या केसीनसारख्या निरुपद्रवी प्रथिनाला ती शत्रू समजते, हिस्टामीन सुटतं, गांधी उठतात, ओठ सुजतात, कधी श्वासही कोंडतो. त्याला घोटभर दूध पुरतं.

निदान डॉक्टरांनी करावं, पण नुसतं पोट फुगणं बहुधा दुसऱ्या वाटेचं असतं. लॅक्टेज हे विकर कमी पडलं की दुधातली साखर न पचता मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि वायू धरतो. इथे प्रतिकारशक्तीचा संबंधच नाही. अशा माणसाला दही पुष्कळदा चालतं. दुधाची ॲलर्जी असलेल्याने मात्र तेही टाळायचं.

यासाठी मराठीत 'सोसत नाही', 'पचत नाही' हे नेमके शब्द आहेत. 'बाधलं' जरा निराळं : जांभळं जास्त झाली आणि बाधली, म्हणजे तेवढ्यापुरतं. वावडं कायमचं.

'कामाचं वावडं', 'पाण्याचं वावडं' अशा बोलण्याने हा शब्द नावडीकडे झुकला आहे, याची मला खरी काळजी वाटते. पंगतीत 'वावडं आहे' म्हटलं की 'थोडंसं घ्या हो' असा आग्रह होतो. सुनेने 'दूध सोसत नाही' म्हणावं. पण खरी ॲलर्जी असलेला पाहुणा इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे आपल्या खाऊबाजारात आला, तर ॲलर्जी हाच शब्द ठणकावून सांगा. बाहेर शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत. आपल्याकडची दाट दुधाची असते, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसतं.