घरं बांधणाऱ्या माणसाच्या पोटी जन्मलेल्यांनो, वडिलांची कोणती आठवण सांगाल?

माझे अण्णा गवंडी होते. आमचं गाव लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं. आमच्याकडे घर चौरस फुटात मोजत नसत, खणात मोजायचे. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. 'पाच खणाचं काढलंय' म्हटलं की माणसाची ऐपत कळायची. अण्णांनी अशी किती घरं बांधली याचा हिशोब त्यांनी कधी ठेवला नाही. पण रस्त्याने जाताना आपल्या हातची भिंत आली की मान आपोआप वळायची, अगदी वरातीतसुद्धा. आई चिडायची, "नवरी बघा की, भित्तीकडं काय बघलालाव?"

तुम्ही कोणती आठवण असं विचारलंय. पहिली सांगतो ती वेणीची.

माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी आई बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा माझ्या दोन्ही मोठ्या बहिणी शाळेत होत्या. त्यांच्या वेण्या घालायला घरात दुसरं कोणी नव्हतं. अण्णांच्या बोटांना दगड-मातीनं भेगा पडलेल्या, केस त्यात अडकायचे. म्हणून ते आधी हाताला करडईचं तेल चोळायचे आणि मग पोरीला उंबऱ्यात बसवून भांग काढायला घ्यायचे. एका डोळ्याने बघत, ओळंबा (भिंत सरळ आहे का बघायची वजन बांधलेली दोरी) धरल्यासारखं. जरा वाकडा आला की पुन्हा पहिल्यापासून. शाळेची घंटा होऊन जायची, थोरली रडकुंडीला यायची, पण भांग ओळंब्यातच पाहिजे. त्या दोन महिन्यांत बाईंनी दोघींना उशिरा येण्यावरून किती छड्या दिल्या ते अजून राखीपौर्णिमेला निघतं.

आता घरांविषयी, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडच्या जुन्या भिंती दोन-अडीच फूट रुंद, मातीत रचलेल्या. बाहेरून घडीव दगड, आतून दुसरा थर, मधल्या पोकळीत गोटे, चिपा आणि माती. वर माळवद: तुळया, त्यावर किलच म्हणजे लाकडाच्या पट्ट्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात असं घर म्हणजे सुख. पण गळू नये म्हणून दरवर्षी मृगाआधी वर पुन्हा माती पडायची, जुनी कोणी काढत नसे. वर्षानुवर्षं डोक्यावरचं ओझं वाढत जायचं. आणि भिंतीच्या दोन्ही थरांना एकत्र धरणारा आरपार लांब दगड अधूनमधून बसवला नाही, तर थर एकमेकांपासून सुटतात. 'भिंतीला पोट आलंय' म्हणतात ते हेच. लांब दगड घडवायला महाग. घरमालक म्हणायचे, एवढी रुंद भिंत कुठं पडतीया. आणि आमचा भाग भूकंपाचा आहे असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. १९९२ साली किल्लारीकडे जमीन गुरगुरायला लागली, लोक काही रात्री बाहेर झोपले, मग विसरले.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, गाव दमून झोपलेलं. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना ते झालं. मी नववीत होतो. मला आवाज आठवतो आणि नंतरची धूळ. अण्णांनी आम्हा चौघा भावंडांना कसं बाहेर काढलं ते मला आठवत नाही, त्यांनाही सांगता आलं नाही. किल्लारी, सास्तूर, मंगरूळची बातमी उजाडल्यावर आली. हजारो माणसं गेली, पुढे ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. त्या मानाने आमचं गाव वाचलं म्हणायचं. पण एक म्हातारी भिंतीखाली गेली, आणि ती मागची भिंत अण्णांच्या हातची होती.

बऱ्याच घरांत लाकडी खांबांवरचं माळवद तसंच उभं होतं, भिंती तेवढ्या बाहेर ओतल्यासारख्या पडलेल्या. अण्णा दिवसभर ढिगारे उपसत होते. संध्याकाळी घरी आले ते हात न धुता बसले. म्हातारीच्या घरातल्या कुणीही त्यांना काही बोललं नाही. कदाचित बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला आज वाटतं.

मग सरकारची दुरुस्तीची योजना आली. पडलेली गावं सोडून इतर गावांतल्या उभ्या घरांना बळकटी द्यायची होती, त्यासाठी गवंड्यांना शिकवायला इंजिनिअर यायचे. अण्णा पन्नाशीचे, पंचविशीतल्या पोरांच्या शेजारी मांडी घालून बसले. शिकवलं काय, तर भिंतीत एकेक दगड काढून आरपार भोक पाडायचं, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरायचं. माळवदावरची जादा माती उतरवायची. खांब आणि तुळई तिरप्या लाकडाने बांधायची. घरी येऊन आईला म्हणाले, "लांब दगडाचं काम सळई करतीया. आमच्या बापाला हे ठाव व्हतं." एवढंच. 'मलाही ठाव व्हतं' हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर एकदाच उच्चारलं, बऱ्याच वर्षांनी, तेही हरभऱ्याचं बोलताबोलता.

पहिलं काम त्यांनी म्हातारीच्या घराचं केलं. मजुरी घेतली नाही. नंतर आपण बांधलेल्या एकेका घरी जाऊन भिंतीवर मुठीने ठोकून बघायचे, कुठे पोकळ वाजतंय का. काही लोक हसायचे. काहींनी माती काढू दिली नाही, घर तापतं म्हणून. तिथे ते पुन्हा पुन्हा जायचे, चहा प्यायचे, पुन्हा तेच सांगायचे. आमचं स्वतःचं घर सगळ्यात शेवटी झालं. तोवर आम्ही दोन थंड्या अंगणात पत्र्याखाली काढल्या आणि आईने त्यांना त्याबद्दल पुष्कळ ऐकवलं.

आत झोपायला लागल्यावरही त्यांचा एक नियम होता. बाजेचं कोणतंही टोक भिंतीला लागता कामा नये. रात्री उठून प्रत्येक पोराची बाज हातभर ओढून घ्यायचे. बहिणींच्या सासरी पहिल्यांदा गेले तेव्हा पाहुण्यांच्या घरातही त्यांनी पलंग सरकवले, चहा यायच्या आधी.

ते जाऊन सात वर्षं झाली. मी लातुरात स्लॅबच्या घरात राहतो, चांगलं बांधकाम आहे, कॉलम-बीमचं. पोरांचा पलंग भिंतीपासून हातभर लांब आहे. त्या फटीत रोज उशी पडते, मोबाईल पडतो, परवा बायकोचा चष्मा पडला आणि ती माझ्यावर जाम वैतागली. पलंग अजून तिथेच आहे.