व्हॉल्व्हचा डॅक बांधताय? आधी हे वाचा

भाऊ, पहिल्याच डॅकसाठी (डिजिटल संगीताचा आवाजाचा सिग्नल करणारं यंत्र) व्हॉल्व्ह, म्हणजे काचेची व्हॅक्यूम ट्यूब, घेतोयस याचा आनंद आहे. पण एक गोष्ट समजून घे: डिजिटलचा आवाज करण्याचं काम चिपच करते, व्हॉल्व्ह फक्त शेवटच्या टप्प्यात येतो. पीसीएम ५१०२ या डॅक चिपचं तयार बोर्ड घे. त्यातून २.१ व्होल्ट थेट मिळतात, म्हणजे आवाज वाढवायची गरजच नाही. ईसीसी ८२ हा व्हॉल्व्ह कॅथोड फॉलोअर (सिग्नल न वाढवता पुढे देणारी जोडणी) म्हणून जोड, पुढे २.२ मायक्रोफॅरडचा ४०० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर. पहिल्या वेळी एवढं पुरे.

आधी बोर्ड एकटं वाजवून बघ, मगच व्हॉल्व्ह लाव. नाहीतर गुणगुण कुठून येते ते शोधण्यात रविवार जातो.

आता महत्त्वाचं. व्हॉल्व्हच्या प्लेटला २०० व्होल्टच्या आसपास डीसी लागतो, आणि स्विच बंद केल्यावरही तो वीजपुरवठ्यातल्या फिल्टर कपॅसिटरमध्ये राहतो. त्याच्या दोन्ही टोकांवर २२० किलोओम, २ वॅटचा रेझिस्टर कायमचा लाव. १०० मायक्रोफॅरड असेल तर रिकामा व्हायला दोनेक मिनिटं लागतात. तरी मीटरने मोजल्याशिवाय हात घालू नकोस, आणि मोजताना दुसरा हात खिशात. यात मला तडजोड नको.

आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ वर जातो, वरून व्हॉल्व्हची ऊब. बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर घेताना १०५ डिग्रीचेच माग, आणि डब्याला वरून-खालून भोकं पाड. ट्रान्सफॉर्मर मात्र चिपपासून लांब ठेव.