सायन्स म्हणजे शास्त्र की विज्ञान?

प्रश्न असा आहे : सायन्सला 'शास्त्र' म्हणावे की 'विज्ञान'? आणि विज्ञान करणारा 'शास्त्रज्ञ' कसा?

दोन्ही शब्द चालतात, पण मी ते समानार्थी मानत नाही. 'शास्त्र'च्या मुळाशी 'शास्' धातू आहे : शिकवणे, आज्ञा करणे. 'शासन' आणि 'शिष्य' त्याच घरातले. म्हणून शास्त्र म्हणजे नीट बांधलेले, पुढच्याला शिकवता येणारे ज्ञान. पाकशास्त्र, रसायनशास्त्र हे शब्द अगदी चपखल आहेत. 'शास्त्रापुरता एक लाडू घ्या' यातही नियमापुरता हाच अर्थ.

'विज्ञान'मधला 'वि' मला फार आवडतो. वेगवेगळे करून, पारखून जाणणे. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात 'येर प्रपंचु हें विज्ञान' असे आले आहे : ब्रह्मज्ञान ते ज्ञान, उरलेला जगाचा पसारा ते विज्ञान. माउली तो पसारा खरा मानू नका म्हणतात. आजचे विज्ञान मात्र त्याच पसाऱ्यात रमते.

का रमते, ते चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याकडे पाहून कळते. 1921 साली ते युरोपातून बोटीने मुंबईला येत होते. समुद्राची निळाई हे आकाशाचे प्रतिबिंब, असे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ रॅले यांच्यासारख्या दिग्गजाने सांगून ठेवले होते. रामन यांनी निकोल प्रिझममधून (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पलीकडे जाऊ देणाऱ्या स्फटिकातून) पाहत पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश वेगळा काढला. निळाई तरीही राहिली! म्हणजे पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरत होते. हे काम त्यांना कोणी दिले नव्हते. उत्तर हाताशी होते, पण ते स्वतः पडताळल्याशिवाय त्यांना चैन पडेना. तोच धागा धरून 28 फेब्रुवारी 1928 ला रामन परिणाम (रेणूंवरून विखुरताना थोड्या प्रकाशाचा रंग बदलणे) हाती आला, आणि आपण त्या तारखेला विज्ञान दिन पाळतो. इथे 'शास्त्र दिन' म्हणून पाहा, कानाला खटकते.

'शास्त्रज्ञ' मात्र मी बदलणार नाही. तो रुळला आहे, आणि 'विज्ञानज्ञ'मध्ये 'ज्ञ' दोनदा अडखळतो. जपायचे ते 'शास्त्रीय' या विशेषणाला. 'ग्रहणात जेवू नये, याला शास्त्रीय आधार आहे' हे वाक्य धर्मशास्त्राच्या अर्थाने खरे आणि सायन्सच्या अर्थाने खोटे ठरते. अशा ठिकाणी मी आग्रहाने 'वैज्ञानिक' लिहितो.