.४० च्या पिस्तुलात १० मिमी ऑटो चालवता येईल का?

तुमचा प्रश्न असा: पिस्तूल .४० एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) काडतुसाचं आहे, दोन्ही काडतुसांची गोळी एकाच व्यासाची (१०.१६ मिमी) आहे, मग चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) थोडं खोल करून आणि जड स्प्रिंग घालून त्यातच १० मिमी ऑटो का चालवू नये?

चालवू नका. पण कारण बहुतेक जण समजतात ते नाही. लोक आधी दाबाचे आकडे बघतात. अमेरिकी मानकानुसार .४० एस अँड डब्ल्यूचा कमाल दाब ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) आणि १० मिमी ऑटोचा ३७,५०० पीएसआय, म्हणजे फरक जेमतेम ७ टक्के. एवढंच असतं तर मामला कदाचित निभावला असता. अडचण आहे लांबीची आणि स्लाइडच्या (बार उडाला की मागे-पुढे सरकणारा पिस्तुलाचा वरचा भाग) वेगाची.

आधी लांबी. .४० चं भरलेलं काडतूस सुमारे २८.८ मिमी लांब, १० मिमी ऑटोचं ३२ मिमी. तुमच्या पिस्तुलाची मूठ आणि मॅगझिन २८.८ च्या हिशोबाने बनलेली आहे. चेंबर कितीही खोल केलं तरी लांब काडतूस मॅगझिनमध्ये मावणार नाही, आणि मूठ काही कापून मोठी करता येत नाही. शिवाय खोल केलेलं चेंबर .४० लाही निकामी होतं. हे काडतूस चेंबरमध्ये पुंगळीच्या (काडतुसाच्या धातूच्या कवचाच्या) तोंडावर टेकून थांबतं. टेकायची पायरी ३.६ मिमी पुढे सरकली की त्याला धरून ठेवायला फक्त एक्स्ट्रॅक्टरचा (पुंगळी मागे ओढणाऱ्या भागाचा) आकडा उरतो. फायरिंग पिनचा ठोका बसताना काडतूस पुढे ढकललं जातं, कधी ठोका कमी पडतो, कधी पुंगळी मागून आधाराशिवाय ताणली जाते.

आता स्लाइड. बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांत गोळी सुटताना नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेल्या असतात आणि दोन-तीन मिलिमीटर एकत्रच मागे येतात. मग नळीचं मागचं टोक खाली झुकतं, कुलूप सुटतं, आणि स्लाइड एकटी मागे जाऊन पुंगळी बाहेर फेकते. गोळी नळीतून निघून जाईपर्यंत स्लाइड फार थोडं अंतर सरकलेली असते: नळी १० सेंटिमीटरची, गोळी ८ ग्रॅमची आणि स्लाइड-नळीचं मिळून वजन अर्धा किलो धरलं तर जवळपास १.६ मिमी. ही सगळी वेळ जुळवते ती वजनाची जडता. स्प्रिंगचा त्यात वाटा फारच छोटा.

म्हणून हिशोब संवेगाचा (वजन गुणिले वेग) करायचा. .४० ची ११.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३०० मीटरने निघते: गुणाकार ३,५१०. पूर्ण ताकदीच्या १० मिमीची १३ ग्रॅमची गोळी ३६५ मीटरने: ४,७४५. स्लाइडला मागे मिळणारा रेटा साधारण १.३५ पट झाला. पण स्लाइडची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे फ्रेमवर आदळणारा घाव सुमारे १.८ पट. हा घाव फ्रेमच्या रुळांवर, लॉकिंग ब्लॉकवर (नळी-स्लाइडचं कुलूप धरणारा तुकडा) आणि नळीखालच्या कानांवर (पुढे आलेल्या खुंट्यांवर) बसतो. पहिल्या शंभर राउंडांत काहीच दिसत नाही, आणि फसवणूक इथेच होते. इजेक्शन पोर्टच्या (स्लाइडमधल्या पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीच्या) कोपऱ्यातली चीर केसाएवढी असते. ती दिसेपर्यंत धातू बराच थकलेला असतो.

मग स्प्रिंग जड केली तर? हा उपाय सगळीकडे सुचवला जातो आणि तो अर्धवट आहे. जड स्प्रिंग मागचा घाव थोडा कमी करते, पण तीच ऊर्जा पुढच्या प्रवासात परत देते. स्लाइड जोरात बंद होते, स्लाइड-स्टॉपच्या (स्लाइड अडवून ठेवणाऱ्या खटक्याच्या) पिनला आणि नळीच्या कानांना आता पुढून मार बसतो. दुसरं म्हणजे मॅगझिनची वेळ चुकते. मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढचं काडतूस वर ढकलायला ठरावीक वेळ लागतो. स्लाइड घाईने परतली तर काडतुसाच्या बुडाच्या मागे न लागता त्याच्या पाठीवर चढते किंवा रिकाम्या चेंबरवरच बंद होते. स्प्रिंग बदलायची ती जुनी झाली म्हणून, साधारण ३,००० ते ५,००० राउंडांनी आणि उत्पादकाने सांगितलेल्या वजनाचीच.

चेंबरच्या तळाशी फीड रॅम्पसाठी (काडतूस वर चेंबरमध्ये सरकवणारा उतार) धातू कापलेला असतो. तिथे पुंगळीच्या भिंतीला आधार नसतो. हा कट जितका मोठा आणि काडतूस जितकं तापट, तितकी पुंगळी त्या बाजूला पोट काढते. रिकाम्या पुंगळ्या गोळा करून बुडाजवळ बोट फिरवा: एका बाजूला फुगवटा लागला तर तो अंदाज नव्हे, पुरावा आहे. पुढची पायरी म्हणजे ती भिंत फाटणं. तेव्हा गरम वायू मॅगझिनच्या विहिरीतून खाली जातो आणि तिथे तुमचा हात असतो. प्रायमर (पुंगळीच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) चपटा होणं, त्याला भोक पडणं, फायरिंग पिनची खूण ओढल्यासारखी लांबणं, पुंगळ्या नेहमीपेक्षा खूप लांब उडणं: यांतलं काहीही दिसलं तर त्या पेटीतला पुढचा राउंड भरू नका.

'बसतंय म्हणजे चालतंय' याची सगळ्यात कडू उदाहरणं इतिहासात आहेत. .३८ एसीपी आणि १९२९ साली आलेलं .३८ सुपर ही काडतुसं मापाने सारखीच, दाब मात्र २६,५०० आणि ३६,५०० पीएसआय. जुन्या कोल्ट १९००-१९०२ पिस्तुलांत स्लाइडला मागे निसटण्यापासून रोखते ती पुढची एक आडवी पाचर. ती तुटली तर स्लाइड नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येते. इटालियन ग्लिसेंती १९१० मध्ये ९ मिमी पॅराबेलम सहज बसतं, पण ते पिस्तूल सौम्य भाराच्या काडतुसासाठी होतं आणि त्याच्या फ्रेमची डावी बाजू म्हणजे निघणारी पट्टी. जुन्या माऊझर सी९६ पिस्तुलात टोकारेव्हचं काडतूस घालण्याचंही हेच.

तुम्हाला खरोखर जास्त ताकद हवी असेल तर एक सरळ वाट आहे, आणि तिच्यामागचं गणितही वरचंच आहे: .३५७ सिग. हे काडतूस .४० च्याच पुंगळीवर बेतलेलं, गळा आवळलेलं. दाब ४०,००० पीएसआय, .४० पेक्षा बराच जास्त. पण ८.१ ग्रॅमची गोळी ४११ मीटरने गेली तरी गुणाकार ३,३२९ येतो, म्हणजे स्लाइडला .४० इतकाच रेटा. गोळीची ऊर्जा मात्र सुमारे ५२५ वरून ६८४ ज्यूलवर जाते. म्हणून अनेक पिस्तुलांत फक्त नळी बदलली की काम होतं. स्लाइड आणि बहुधा मॅगझिन तेच राहतात. अट एकच: नळी तुमच्याच मॉडेलसाठी, उत्पादकाने मान्य केलेली हवी. परवान्यावर कॅलिबर नोंदलेलं असेल तर नळी घेण्याआधी ते बघा.

नळी बसवल्यावर रिकाम्या शस्त्रावर तपासा: स्लाइड स्वतःच्या वजनाने नव्हे, स्प्रिंगने पूर्ण बंद होते का, बंद झाल्यावर नळीचं टोक बोटाने दाबलं तर हलतं का. मग डमी काडतुसांनी दोन मॅगझिन हाताने फिरवा. दोन कॅलिबरची मॅगझिन वेगवेगळ्या रंगाच्या पट्टीने ओळखा आणि दोन्ही पेट्या एका टेबलावर ठेवू नका; .३५७ सिग चुकून .४० च्या नळीत गेलं तर आवळलेल्या गळ्याला भिंतच मिळत नाही.

पेटीवर +पी किंवा +पी+ (नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस) लिहिलेलं असेल तर आधी मॅन्युअल उघडा. ९ मिमीच्या +पी ला ३८,५०० पीएसआय अशी ठरलेली मर्यादा आहे. +पी+ ला मानकात मर्यादाच नाही, आत किती दाब आहे हे फक्त बनवणाऱ्याला माहीत. मॅन्युअलमध्ये परवानगी नसेल तर त्या पेटीला हात लावू नका.