डोक्याला जुना मार, स्कॅन नॉर्मल, तरी विसरभोळेपणा आणि चिडचिड: ही मेंदूची इजा की डिप्रेशन?

तुम्ही लिहिलंय की तीन वर्षांपूर्वी गाडीवरून पडलात, काही मिनिटं शुद्ध नव्हती, सीटी स्कॅन नॉर्मल आला. तेव्हापासून लक्ष लागत नाही, ऐन वेळी शब्द सुचत नाहीत, क्षुल्लक गोष्टीवरून भडका उडतो. डॉक्टर डिप्रेशन म्हणतात, तुम्हाला ते पटत नाही. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, अशा तक्रारींसाठी स्मृती-एकाग्रतेच्या चाचण्या घेते. दोन्हींपैकी एकच खरं असेल, असं मला वाटत नाही. मार लागल्यानंतर डिप्रेशन येणं अगदी नेहमीचं आहे, आणि नुसत्या डिप्रेशननेही लक्ष आणि स्मरण ढासळतं.

सीटी तातडीचा रक्तस्राव आणि कवटीचं फ्रॅक्चर पाहण्यासाठी असतो. मेंदूतले बारीक तंतू ताणले गेले तर तो नॉर्मलच येऊ शकतो. एमआरआयमधल्या एसडब्ल्यूआय तपासणीत जुन्या सूक्ष्म रक्तस्रावाच्या खुणा कधीकधी सापडतात. पण खूण सापडली म्हणून आजची चिडचिड तिच्यामुळेच, असं होत नाही. नाही सापडली तरी तुमचा त्रास खोटा ठरत नाही.

खरा उलगडा होतो तो त्रासाच्या क्रमावरून. सौम्य मारानंतर बहुतेक लोक काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत सावरतात. थोड्यांचा त्रास रेंगाळतो. इजेचा त्रास सुरुवातीला जास्त असतो, मग ओसरतो किंवा एका जागी थांबतो. मधे वर्षभर तुम्ही ठणठणीत होतात आणि मग बिघडलं, किंवा दरवर्षी वाढतंच चाललंय, तर कारण दुसरीकडे शोधायला हवं. म्हणून अपघाताआधीपासून तुम्हाला ओळखणारं घरचं माणूस तपासणीला सोबत न्या. (स्वतःच्या स्वभावातला बदल स्वतःला सगळ्यांत उशिरा कळतो.) अपघाताआधी झोप, मूड, मायग्रेन, दारू यांचं काय होतं, तेही सांगा. अपघाताच्या वेळचे कागद असतील तर उत्तम: शुद्ध किती वेळ नव्हती, त्याआधीचं आणि नंतरचं किती आठवत नाही, यावरून मार किती गंभीर होता ते ठरतं.

न्यूरोसायकॉलॉजिकल चाचण्यांना काही तास लागतात. त्यांतून लक्ष, विचारांचा वेग, स्मरण यांतलं नेमकं काय कमी पडतंय ते कळतं. का कमी पडतंय, ते आकडे एकटे सांगत नाहीत. रात्री झोप नसलेला माणूसही वेगाच्या चाचणीत मागे पडतो.

त्यामुळे माझा भर दुरुस्त होण्याजोग्या गोष्टींवर असतो. घोरणं आणि स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास मधेमधे थांबणं), थायरॉइड, बी-१२, चक्कर, अपघाताच्या आठवणींनी दचकणं. सतत थकवा, मासिक पाळीत किंवा लैंगिक इच्छेत बदल असेल तर पिट्युटरीच्या हार्मोन्सबद्दल डॉक्टरांना विचारा; मारानंतर ही ग्रंथी कधीकधी मंदावते आणि लक्षणं हुबेहूब डिप्रेशनसारखी दिसतात. डोकेदुखीसाठी महिन्यातून पंधरा किंवा जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेत असाल, तर त्या गोळ्याच डोकेदुखी टिकवून ठेवत असतील.

वाढती डोकेदुखी, उलट्या, फिट, एका बाजूची कमजोरी किंवा जीव द्यावासा वाटणं यांपैकी काही असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता लगेच हॉस्पिटलमध्ये जा.

आणखी एक: अपघातानंतर फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरासिटॅम सुरू केलं होतं का, आणि अजून चालू आहे का? चिडचिड हा त्याचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. स्वतःहून बंद करू नका, पण हा प्रश्न न्यूरोलॉजिस्टना पहिल्याच भेटीत विचारा.