रोज दोन पेग घेतो. सोबत अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेतल्या तर लिव्हर वाचेल का?

नाही. तसं असतं तर आमचे अण्णा आवळ्यावर तरले असते.

आई रोज सकाळी आवळे किसून फडक्यातून रस पिळून द्यायची. ‘झालं औषध,’ म्हणत अण्णा संध्याकाळी निर्धास्तपणे क्वार्टर उघडायचे. म्हणजे जवळपास 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आवळा माघात संपायचा, क्वार्टर बारमाही. शेवटच्या पावसाळ्यात पोटात पाणी झालं, डोळे पिवळे. रक्ताच्या तपासणीत यकृताची दोन एन्झाइम्स मोजतात, त्यात एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त; तेवढ्यावरून डॉक्टरांनी दारू ओळखली. तेराव्याला आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, ‘वहिनीनं रस बंद केला नसता तर माझा भाऊ राहिला असता.’ ऐन श्रावणात ताजे आवळे आणायचे कुठून?

अँटिऑक्सिडंटनं लिव्हर वाचतं असं तुम्ही कुठं वाचलं असेल, तर ते अगदीच खोटं नाही. रोज पिणाऱ्याच्या यकृतात दारू जाळणारं एक एन्झाइम वाढतं, त्यातून पेशींना इजा करणारे फ्री रॅडिकल्स सुटतात आणि त्यांना आवरणारं ग्लुटाथायोन आटत जातं. म्हणून उंदरांवर या गोळ्या छान चालतात. माणसांत मिल्क थिसलनं, म्हणजे लिव्हरसाठी विकल्या जाणाऱ्या एका वनस्पतीच्या अर्कानं, जीव वाचतो याचा भक्कम पुरावा नाही. फ्रान्समध्ये दारूमुळे यकृताला गंभीर सूज आलेल्या 174 जणांवर एक चाचणी झाली, 2011 साली छापून आली. स्टेरॉइडसोबत शिरेतून एन-ॲसिटिलसिस्टीन हे अँटिऑक्सिडंट औषध दिल्यावर पहिल्या महिन्यातले मृत्यू 24 टक्क्यांऐवजी 8 टक्के झाले, पण सहा महिन्यांनी खात्रीनं सांगावा असा फरक उरला नाही. आणि ते इस्पितळातले रुग्ण होते, ग्लास हातात धरून बसलेले नव्हे.

‘नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना’ हेही सोडा. 2020 मध्ये मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी केली. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, तो वाद वेगळा.

तुमच्या यकृतावर नुसती चरबी असेल तर दारू थांबवल्यावर काही आठवड्यांत उतरू लागते. गोळीशिवाय. मात्र बरीच वर्षं रोज घेत असाल तर डॉक्टरांना विचारूनच थांबवा, एकदम सोडल्यावर काहींना फिट येते. आवळा खुशाल खा, मीही खाते.

आई त्या दिवशी काही बोलली नाही. मला यातलं तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मी पंगतीत भात वाढत होते, आत्यालाही वाढला.